चारी दिशांहून येणाऱ्यांसाठी

(नाशिक येथे विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विद्यापीठांतील वैविध्य आणि आंतरराष्ट्रीय शिक्षण हा आजच्या व्याख्यानाचा विषय. अशा व्याख्यानाचा प्रारंभ तक्षशिला-नालंदेच्या स्मरणाने करावा आणि समारोप 'वसुधैव कुटुंबकम्'च्या उद्घोषाने करावा, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. त्यात गैर काही नाही. परंतु या दोन टोकांच्या मध्ये, दाराशी आलेल्या पाहुण्याच्या जेवणाचे आणि अंथरुणाचे काय झाले, हा प्रश्न बहुधा राहून जातो. आज त्या प्रश्नापासूनच आरंभ करावयाचा आहे. त्यासाठी नाशिककरांना बिहारपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढल्या की पुरे.

पांडवलेण्यांची सहल केली नाही असा नाशिककर विरळाच. मात्र तेथील भिंतींवरचे ब्राह्मी लेख थांबून समजून घेणारे थोडे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजेच ऋषभदत्त, याचे लेख आहेत. हा शक कुळातला, बाहेरून या भूमीत आलेल्यांपैकी. त्याने लेणे खोदविले आणि ते 'चातुर्दिश' भिक्षुसंघाला, म्हणजे चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंना, अर्पण केले. आजच्या काळातील दाता येथे थांबला असता. कोनशिला बसली, छायाचित्र निघाले, काम झाले. उषवदात थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ वाढीचा उपभोग घ्यावयाचा. त्या वाढीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे.

हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. दोन हजारांवर महिना शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजेही दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही! आणखी एक गोष्ट लक्षात येते. वस्त्रांसाठीची ठेव ठेवली ती विणकरांकडेच. एवढ्यावरही दात्याचे समाधान झाले नाही. हे सारे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केले गेले आणि रीतसर नोंदविले गेले, असेही लेख सांगतो. उदारतेला हिशेबाची जोड असली की ती किती काळ टिकते, हे पाहावयाचे असेल तर दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा दस्तऐवज आजही वाचता येतो.

सतराव्या लेण्याचा दाता तर आणखी दूरचा. उत्तरेकडील दात्तामित्री नगरीचा रहिवासी, यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. पित्याच्या नावात धम्म आहे, पुत्राच्या नावात इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव आहेत, आणि दान आहे ते नाशिकच्या डोंगरावर, पुन्हा 'चातुर्दिश' संघाला. हा मनुष्य नेमका कोणत्या गटातला, हे आजच्या प्रवेश-अर्जाच्या रकान्यात लिहावयाचे झाले तर लिपिकाची पंचाईत होईल.

आणि तिसरा लेख. आजच्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षातला हा लेख सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मानला जातो. दाती आहे विष्णुदत्ता नावाची एक उपासिका. ती शक अग्निवर्म्याची कन्या, रेभिल नावाच्या गणपकाची पत्नी आणि विश्ववर्म्याची माता. स्वतःला ती स्पष्टपणे 'शकनिका' म्हणवते. तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेल गाळणारे आहेत, पाण्याची यंत्रे करणारे ओदयंत्रिक आहेत, 'कुलरिक' म्हणजे बहुधा कुंभार आहेत. ठेव कशासाठी? त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. लेणे आधीच होते. वस्त्रांची सोय आधीच झालेली होती. तरीही एका स्त्रीच्या लक्षात आले की दूरदेशीचा मनुष्य आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोणीही नसते. घरचा मनुष्य आजारी पडला तर त्याला आई असते, शेजार असतो, ओळखीचा वैद्य असतो. परक्याजवळ यांपैकी काही नसते. ते 'काही' ठेवीच्या रूपाने उभे करण्याचे काम नाशिकमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एका बाहेरून आलेल्या कुळातील स्त्रीने केले.

त्रिरश्मी डोंगरावर विद्यापीठ होते, असा दावा करण्याची आवश्यकता नाही. आपल्याकडे प्रत्येक जुन्या दगडाला विद्यापीठ म्हणण्याची हौस आहे; तिने ना इतिहासाचे भले होते ना अभिमानाचे. तो निवास होता, साधनेचा आणि अध्ययनाचा. परंतु पुढे ज्याला निःसंशय विद्यापीठ म्हणता येईल, त्या नालंदेतही हीच रीत दिसते. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील, राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधविला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने त्या विहारासाठी पाच गावे लावून दिली. तो ताम्रपट उपलब्ध आहे. त्या उत्पन्नाचा विनियोग कशावर व्हावा, याची यादी त्यात आहे: पूजा, अन्न, वस्त्र, शय्या, ग्रंथलेखन, इमारतीची डागडुजी आणि आजाऱ्यांसाठी औषध. नालंदेचे वैभव सांगताना आपण ग्रंथालयाच्या मजल्यांविषयी बोलतो. ही यादी सांगत नाही.

आता आजच्या काळाकडे यावे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आंतरराष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूत्रे दिली, परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय असावे असे सुचविले. पुढे मंजूर जागांच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत अधिकच्या जागा त्यांच्यासाठी निर्माण करण्याची मुभाही दिली. राष्ट्रीय मानांकनात इतर राज्यांतून आणि देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत. हे सारे योग्यच आहे. प्रत्यक्षात काय दिसते? २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. ते १७० देशांतून आले होते, पण त्यांतील २८ टक्के एकट्या नेपाळचे. त्या वर्षी उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थी होते सुमारे ४ कोटी ३३ लाख. म्हणजे नऊशेंहून अधिक विद्यार्थ्यांमागे एक परदेशी. आणि आपल्याकडून बाहेर गेलेले? परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ मध्ये दिलेला आकडा तेरा लाखांहून अधिक आहे.

हे पाहिले की शुल्क, जाहिरात, व्हिसा, सामंजस्य करार यांची चर्चा सुरू होते. सामंजस्य करारांना तर सध्या सुगीचे दिवस आहेत. करारावर स्वाक्षरी होते, शाल-श्रीफळ होते, छायाचित्र वृत्तपत्राकडे जाते आणि फाइल कपाटात जाते. प्रवेश मिळालेला मुलगा आजारी पडला तर त्याला पेज कोण करून देणार, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

हा प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्रातील एका मोठ्या शिक्षणसंस्थेचा जन्म नेमका या प्रश्नातूनच झाला. डॉ. शां. ब. मुजुमदार हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि वसतिगृहाचे रेक्टर म्हणूनही काम पाहत. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एका विद्यार्थ्याला काहीतरी देताना त्यांना दिसली. रेक्टरला जो संशय यावा तोच आला. चौकशी केली तेव्हा कळले, की तो मुलगा मॉरिशसचा. त्याला कावीळ झाली होती. ती मुलगी त्याच्यासाठी जेवण आणत होती. या प्रसंगातून परदेशी विद्यार्थ्यांना आपुलकीचे स्थान असावे असा विचार रुजला आणि १९७१ मध्ये 'सिम्बायोसिस' ही संस्था उभी राहिली. आज तिचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. तिची एक व्यवस्थापन संस्था २००५ पासून नाशिकमध्येही आहे. पण आरंभ झाला तो खिडकीतून आत गेलेल्या एका डब्यापासून.

संस्थेचे नावही वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचावे असेच आहे. सिम्बायोसिस म्हणजे सहजीवन. त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात असते. गोड्या मसाल्यातले दगडफूल ही एक वनस्पती नव्हे. त्यात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. शैवाल अन्न तयार करते, बुरशी आसरा आणि ओलावा देते, आणि उघड्या खडकावर, जेथे बुरशीला एकटीने जगणे कठीण, तेथे दोघे मिळून जगतात. दोघांचेही आपापले स्वत्व शिल्लक राहते. वैविध्याची याहून नेमकी व्याख्या शोधण्यासाठी परदेशी ग्रंथ चाळण्याची गरज नाही.

स्वत्व शिल्लक राहण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आंतरराष्ट्रीय शिक्षण म्हणजे आपले सोडून दुसऱ्याचे घेणे, असा एक समज आपल्याकडे अनेक वर्षे पोसला गेला. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण पाहावे. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. १८८५ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: नऊवारीतील आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या वेशातील दमास्कसच्या साबात इस्लामबुली. एकाच महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनी. आनंदीबाईंनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. अमेरिकेत जाऊन तेथील विद्या त्यांनी घेतली आणि इकडची विद्या तेथील परीक्षकांसमोर मांडली. महाविद्यालयाने तो प्रबंध स्वीकारला. देवाणघेवाण हा शब्द यालाच शोभतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथी या साऱ्या शाखा एकाच छत्राखाली आहेत. परदेशी अभ्यासकाला येथे शिकण्याजोगे काय आहे, असे विचारणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पण आनंदीबाईंची कथा प्रबंधावर संपत नाही. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांच्याविषयी एका नियतकालिकात वाचले, पत्र पाठविले आणि पुढे स्वतःच्या घरात ठेवून घेतले. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. तेथील थंडीने आनंदीबाईंची प्रकृती ढासळली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठविल्या गेल्या आणि त्या मावशीने आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. भिन्न धर्म, भिन्न वंश, रक्ताचे नाते नाही. आणि अस्थींना जागा कुटुंबात.

आता एक अवघड गोष्ट. अवघड अशासाठी, की ती आपल्याच घरातली आहे.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा तरुण सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तेथे तो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिला. नवल भथेना हा पारशी तरुण त्याचा सोबती झाला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ मध्ये हाच तरुण बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी आला. आता त्याच्याजवळ कोलंबियाची पदवी होती, पाठीशी महाराजांची शिष्यवृत्ती होती, हाती संस्थानची नोकरी होती. आणि राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून आसरा घ्यावा लागला. ते उघडकीस आल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. हिंदू मित्राने असमर्थता दर्शविली, ख्रिस्ती मित्रानेही. अखेर बडोद्याच्या बागेत बसून गाडीची वेळ होईपर्यंत दिवस काढावा लागला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

सात समुद्रांपलीकडे मिळालेली खोली स्वदेशात मिळाली नाही. पुढे १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी त्यांना सत्याग्रह पुकारावा लागला तो नाशिकमध्ये. तो वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. आणि १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा झाली ती याच जिल्ह्यातील येवल्यात. नाशिकमध्ये वैविध्यावर बोलावयाचे आणि हे वगळावयाचे, हे शक्य नाही. ज्या नगराच्या वेशीवरच्या डोंगरात यवनाचे आणि शकांचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे, त्याच नगरात आपल्याच बांधवांना देवाच्या दारात अडविले गेले. दोन्ही नाशिकचाच इतिहास आहे. एक सांगून दुसरा झाकता येत नाही.

या बाबतीत ज्याने मर्म ओळखले होते असा राजा कोल्हापूरचा. राजर्षी शाहू महाराजांनी शाळा काढल्या, पण त्याआधी त्यांना दिसले की खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहावयास जागाच नाही. १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अन्य समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाते ते त्यामुळे. नाशिकच्या उदाजी मराठा वसतिगृहाच्या कोनशिलेसाठी १९२० मध्ये ते येथे आले होते. ही वसतिगृहे जातवार होती, हा त्यांच्यावरचा आक्षेप आज घेता येईल. पण त्या काळी एकत्र पंगतीला बसण्यास कोणी तयार नव्हते. मुलांना आधी शहरात तर आणू द्या, असा तो विचार होता. पुढचे पाऊल आपण टाकावयाचे होते. ते किती टाकले, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरमालकीच्या करारनाम्यात पाहावा.

आजच्या नाशिकमधले वैविध्य विमानातून उतरत नाही. ते एस.टी.तून उतरते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर येथून आलेली मुले-मुली घरी कोकणी, वारली किंवा भिली बोलतात. महाविद्यालयातील प्रमाण मराठी ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. शासनाने वसतिगृहांतील खानावळी बंद करून त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात रक्कम भरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा २०१८ च्या जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. मागणी होती, आमची खानावळ परत द्या. शासनाच्या बाजूने रोख रकमेचा युक्तिवाद नीटनेटका होता: मधली गळती थांबेल, निवडीचे स्वातंत्र्य मिळेल. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला परक्या शहरात दोन वेळा जेवण शोधत हिंडावे लागणे, हे स्वातंत्र्य नव्हे. उषवदाताला हे कळले होते. त्याने वस्त्रासाठी नाणी ठेवली, पण ती विणकरांच्या हाती ठेवली.

नाशिकचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मुक्त विद्यापीठाची कल्पना भारतात आली ती प्रामुख्याने ब्रिटनच्या १९६९ च्या मुक्त विद्यापीठाच्या अनुभवावरून. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात तिला जे रूप मिळाले, ते मात्र अस्सल इकडचे: शेतकरी, कामगार, पोलीस शिपाई, गृहिणी, कारागृहातील बंदी यांच्यापर्यंत जाणारे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे तिचे ब्रीद. बाहेरची कल्पना घेऊन ती आपल्या मातीत कशी लावावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे. गंमत अशी, की या विद्यापीठाच्या टपालाच्या पत्त्यात गाव येते ते गोवर्धन. विष्णुदत्तेने आजाऱ्यांच्या औषधासाठी ज्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या, त्यांचे गोवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात.

आणि तिसरा विद्यार्थी, ईशान्य भारतातला. 'अंतरराज्य छात्र जीवनदर्शन' हा उपक्रम १९६६ मध्ये सुरू झाला, तो या वाचकवर्गाला नवा नाही. अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मेघालयातील विद्यार्थी मराठी घरांत येऊन राहिले, पिठले-भाकरी खाल्ली, आणि जाताना यजमानांच्या मुलांना आपल्या भाषेतले शब्द शिकवून गेले. हे काम मोलाचे आहे. परंतु पाहुणा म्हणून दहा-बारा दिवस येणारा आणि भाडेकरू म्हणून चार वर्षे राहू इच्छिणारा, यांच्या बाबतीत आपले वर्तन सारखे असते काय? ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या संदेशांनी बंगळूर आणि पुणे येथून ईशान्येतील हजारो लोक रेल्वेने निघून गेले. त्यांत विद्यार्थी होते. अफवा खोट्या होत्या, हे खरे. पण त्या अफवेवर विश्वास ठेवण्याआधी, ज्याचे दार ठोठावून खात्री करून घ्यावी असा एकही शेजारी त्यांपैकी अनेकांना आठवला नाही, हेही खरेच असले पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. त्याच्या केसांवरून दुकानात झालेली टिंगल हे भांडणाचे कारण होते.

येथे कोणाच्या मनात येईल, ईशान्येतले आपले, नेपाळचे आपले; पण अफगाणिस्तानचा मुलगा, नायजेरियाची मुलगी, काश्मीरचा विद्यार्थी यांचे काय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात नेपाळच्या पाठोपाठ क्रमांक आहे तो अफगाणिस्तानचाच. कायदा मोडणाऱ्यासाठी कायदा आहे आणि व्हिसाची तपासणी हे शासनाचे काम आहे. पण शिकावयास आलेल्या मुलाची थाळी वाढताना त्याचा धर्म विचारावयाचा, तर मग 'चातुर्दिश' या शब्दातील एक-दोन दिशा खोडाव्या लागतील. विष्णुदत्तेच्या लेखात तशी खाडाखोड नाही.

मग करावयाचे काय? यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. गोवर्धनच्या श्रेणी आज नाहीत, पण नाशिकमध्ये नागरी सहकारी बँका आहेत, पतसंस्था आहेत, व्यापाऱ्यांचे आणि उद्योजकांचे संघ आहेत, द्राक्ष बागायतदारांची संघटना आहे. एखाद्या महाविद्यालयासाठी पंचवीस लाखांची कायम ठेव उभी राहिली आणि व्याजाचा दर सात टक्के धरला, तर वर्षाला पावणेदोन लाख रुपये मिळतात. जिल्ह्याबाहेरून, राज्याबाहेरून, देशाबाहेरून आलेल्या आजारी विद्यार्थ्याच्या औषधाला, रिक्षाला आणि पथ्याच्या डब्याला ते पुरावेत. मुद्दल काढावयाचे नाही. हिशेब दरवर्षी सभेत वाचून दाखवावयाचा. नवी कल्पना यात एकही नाही. सगळी भिंतीवर लिहिलेली आहे.

पैशाहून अवघड आहे ते माणसांचे. त्याचीही एक जुनी रीत या नगरात आहे. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून यात्रेकरू आला, की तो कोठला आणि कोणत्या घराण्यातला हे विचारून त्याला त्याच्या तीर्थोपाध्यायाकडे पोहोचविले जाते. उपाध्यायाच्या वहीत त्याच्या आजा-पणजाचे नाव निघते. भाषा कळत नसली तरी या गावात आपले एक दार आहे, हे त्या यात्रेकरूला पहिल्या तासात कळते. सिंहस्थाच्या गर्दीतही ही व्यवस्था चालत आली आहे. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी तशी वही का नसावी?

रुग्णालयात दाखल करताना एक अर्ज भरावा लागतो. त्यात जवळच्या नातेवाइकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असा रकाना असतो. इटानगरच्या, काठमांडूच्या किंवा सुरगाण्याच्या मुलाला रात्री दोन वाजता तेथे नेले, तर त्या रकान्यात नाशिकमधील कोणत्या घराचे नाव लिहावयाचे, हे त्याच्या प्रवेशाच्या दिवशीच ठरलेले असावे. आणि ज्यांचे नाव लिहावयाचे, त्या घरी तो मुलगा त्याआधी निदान एकदा जेवून गेलेला असावा.